गाडी कुठं थांबेल?

लायसन्स हातात पडलं की माझ्याकडे शिकून गेलेली मंडळी महिन्या-दोन महिन्यांत परत येतात, ती जुनी गाडी दाखवायला. "मॅडम, ब्रेक कसे आहेत तेवढं बघा." मी आधी खाली बसून टायर बघते. नक्षीच्या खाचेत नख घालते, आतली कड चाचपते, टायरच्या बाजूवर छापलेले उत्पादनाचे चार आकडे वाचते. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. विकणारा शेजारी उभा राहून सांगत असतो की पॅड परवाच नवे टाकलेत. टाकले असतीलही. पण पॅडनं चाक थांबतं. गाडीला थांबवतो रस्ता, आणि रस्त्याची आणि गाडीची गाठ पडते फक्त चार ठिकाणी. बाराशे किलोची गाडी आणि टायरमध्ये ३२ हवा असेल, तर एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग अकरा-बारा सेंटीमीटर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद भरतो. आत बसलेल्या सगळ्या कुटुंबाचं थांबणं त्या चार तुकड्यांच्या पकडीवर असतं. ती पकड संपली की पायात कितीही जोर असला तरी उपयोग नाही.

साताऱ्यात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूला माझ्यासाठी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून इतकी वर्षं बसल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. गाडी कुठं थांबणार हे बहुतेक वेळा पाय ब्रेकवर पोहोचायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. वेग, टायर, हवा, बसायची पद्धत, पुढच्या गाडीपासून सोडलेलं अंतर, सगळं आधीच ठरलेलं. ब्रेक दाबणं हे शेवटचं काम, आणि तोवर बदलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून स्टिअरिंग सरळ धरता यायला लागलं, की मी पोरांना औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर घेऊन जाते. रविवारी सकाळी तिथे कुत्रंही नसतं. डिकीत खडू आणि लांब टेप असते.

रस्त्यावर खडूनं आडवी रेघ मारायची. गाडी ताशी २० च्या वेगानं आणायची आणि चाक रेघेवर आलं की ब्रेक पूर्ण दाबायचा. रस्ता कोरडा आणि टायर बरे असतील तर गाडी दोन मीटरच्या थोडी पुढे उभी राहते. मग मी विचारते, आता ४० नं आलो तर कुठं थांबेल? प्रत्येकानं रस्त्याच्या कडेला आपापला दगड ठेवायचा. जवळजवळ सगळे चार-पाच मीटरवर ठेवतात. वेग दुप्पट, तर अंतरही दुप्पट, असा साधा हिशेब. गाडी येते, सगळे दगड ओलांडते आणि नवव्या मीटरच्या आसपास थांबते. तेव्हा कुणी बोलत नाही. मग कुणीतरी विचारतं, "आणि ६० नं?" तेव्हा मी टेप ओढत वीस मीटरपर्यंत चालत जाते आणि तिथे उभी राहते. तेवढ्या वेगानं शिकाऊ पोरांकडून हे करून घ्यायची मला गरज वाटत नाही. मला चालत जाताना बघूनच त्यांना जे कळायचं ते कळतं.

कारण शाळेतल्या पुस्तकात होतं, फक्त तेव्हा ते गुणांपुरतं वाचलेलं. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, तिप्पट तर नऊपट. ती सगळी काढून घेईपर्यंत गाडी थांबत नाही. टायरची पकड मात्र वेगाबरोबर वाढत नाही, म्हणून वाढलेल्या ऊर्जेचा सगळा भार अंतरावर पडतो.

हाच हिशेब आणखी एका तऱ्हेनं मांडला की पोरांच्या मनात जास्त बसतो. दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्यात, एक ५० नं, दुसरी ६० नं. पुढे एकाच ठिकाणी लहान मूल रस्त्यात आलं. दोघांनाही ते एकाच क्षणी दिसलं, दोघांचाही पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, दोघांचेही टायर चांगले. पहिली गाडी साधारण २८ मीटरवर थांबते. दुसरी त्याच जागेवर येते तेव्हा तिचा वेग किती उरला असेल? पोरं म्हणतात दहा. खरं उत्तर आहे ४०. दहाचा फरक होता, तो धडकेच्या जागी चाळीस झाला. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. तिथे १०० नं चाललेली गाडी ज्या जागी पूर्ण थांबेल, त्या जागी १२० ची गाडी अजून ७० च्या वर असते. "आम्ही काय, फक्त वीसनंच जास्त होतो," असं कुणी सांगितलं की मला हा आकडा आठवतो.

आता तो एक सेकंद. त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण गाडीची जाहिरात करणारा त्याबद्दल कधी बोलत नाही. डोळ्याला दिसणं, ते काय आहे हे कळणं, थांबायचं ठरणं, पाय उचलून ब्रेकवर नेणं आणि दाबणं, हे सगळं होईपर्यंत गाडी आधीच्याच वेगानं जात असते. ६० च्या वेगाला एका सेकंदात जवळपास १७ मीटर, १०० ला २८ मीटर. रविवारच्या रस्त्यावर मी "थांब" म्हणते तेव्हा समोरचा त्या शब्दाचीच वाट बघत असतो, तरी पाऊण सेकंद जातो. बाजारपेठेत राजवाड्याकडून येताना कुणी वाट बघत नसतो. ध्यानीमनी नसताना काही आडवं आलं तर दीड सेकंद सहज जातो. थकलेला असेल, ताप असेल, दारू प्यालेला असेल, तर त्याहून जास्त. मोबाइलवर दोन सेकंद नजर गेली तर ६० च्या वेगाला गाडी ३३ मीटर चालवणाऱ्याशिवाय गेली.

रस्ते बांधणारे लोक या बाबतीत चालवणाऱ्यांपेक्षा शहाणे आहेत. आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. वळणावर किंवा चढाच्या टोकाला चालवणाऱ्याला किती पुढचं दिसलं पाहिजे याचा हिशेब करताना ते माणसाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरतात, आणि पकडही कोरड्या रस्त्याच्या निम्मीच. त्या हिशेबानं ताशी १०० ला १८० मीटर आणि ८० ला १२० मीटर दिसायला हवेत. हे आकडे मी स्कूलच्या भिंतीवर लावलेत. कुणी म्हणतं, इतकं अंतर लागतच नाही, आमची गाडी तर कुठल्या कुठे थांबते. तरणाताठा चालवणारा, नवे टायर, कोरडं डांबर असेल तर खरंच लागत नाही. पण रस्ता साठीच्या माणसासाठी, झिजलेल्या टायरसाठी आणि श्रावणातल्या सरीसाठीही बांधावा लागतो.

बसण्याबद्दल बायकांना मला आवर्जून सांगायचंय. घरातली गाडी बहुतेक वेळा नवरा किंवा मुलगा चालवतो, सीट त्याच्या मापानं मागे असते. बाई बसते ती तशीच, कडेवर, पाय ताणून. रोजच्या हलक्या ब्रेकला ते चालून जातं. पण ब्रेक पूर्ण दाबायची वेळ आली की गुडघा आधीच सरळ झालेला असतो आणि जोर लावायला जागाच नसते. ब्रेक तळाशी दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेलाच राहील इतकी सीट पुढे घ्यावी. सीट उंच करता येत असेल तर करावी. लाजू नये. उंच टाचेची चप्पल गाडीत काढून ठेवावी. आणि चालवणाऱ्याच्या पायाशी पाण्याची बाटली कधीही ठेवू नये. गाडीचा वेग कमी होऊ लागला की बाटली गडगडत पुढे येते आणि ब्रेकच्या पायदांडीखाली अडकते. सैल पायपुसणंही तेच करतं.

दुसरी अडचण अशी, की माणसं ब्रेक पुरेसा दाबतच नाहीत. हे फक्त शिकाऊंचं नाही. मर्सिडीज कंपनीनं चाचण्यांत पाहिलं, की संकटाच्या क्षणी बरेच चालवणारे ब्रेक झटकन दाबतात, पण पूर्ण जोरानं दाबत नाहीत. त्यातूनच १९९६ मध्ये झटका ओळखून उरलेला जोर स्वतः लावणारी यंत्रणा त्यांनी गाडीत आणली. एबीएस त्याच्या आधीचं, १९७८ पासूनचं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. चाक जाम होऊन घसरायला लागलं की एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सोडतं, सेकंदाला अनेक वेळा. फिरत्या चाकाला वळवता येतं, जाम झालेल्या चाकाला वळवता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र ते काम करत असताना पायाखाली धडधड होते, खडखड आवाज येतो, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरून माणूस पाय उचलतो. म्हणून ही धडधड मी प्रत्येकाला एकदा तरी अनुभवायला लावते. पाय तळाशी ठेवायचा, उचलायचा नाही, आणि मोकळ्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. सुट्या खडीवर किंवा मुरुमावर एबीएसची गाडी उलट थोडी जास्त लांब जाऊ शकते, कारण जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग करतं आणि त्यालाच अडतं. रस्त्याचं काम चालू असेल तिथे आधीच वेग कमी करावा.

पावसाबद्दल बोलायचं तर जूनमधल्या पहिल्या सरींना मी सगळ्यात जास्त घाबरते. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेली धूळ, तेल आणि टायरचा झिजलेला भुगा त्या पाण्यात मिसळतो आणि डांबरावर साय धरल्यासारखा थर येतो. दोन-चार दणकून पाऊस झाले की तो धुऊन जातो. तोपर्यंत, आणि पुढेही ओल्या रस्त्यावर, पकड कोरड्याच्या निम्म्यापर्यंत येऊ शकते. ८० च्या वेगाला कोरड्यावर ब्रेक लागल्यापासून ३५ मीटर लागत असतील, तर ओल्यावर ७० मीटर धरावेत.

वेग आणखी वाढला आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असलं, की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्यावरच चढतो. मग ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. हे कुठल्या वेगाला होतं, याचा ढोबळ नियम अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात १९६० च्या दशकात निघाला, विमानांच्या चाकांसाठी. टायरमधली हवा जितकी कमी तितक्या कमी वेगाला चाक पाण्यावर चढतं. त्या नियमानं ३२ हवेला तो वेग ताशी ९४ च्या आसपास येतो आणि २४ हवेला ८१ च्या आसपास. पंपावर पाच मिनिटं थांबून हवा तपासायचा कंटाळा केला, तर पावसात तेरा किलोमीटरचा वेग आपण असा घालवतो. नक्षीचं काम पाणी बाहेर काढण्याचं. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी मात्र आमच्याकडच्या पावसासाठी तीन मिलिमीटरलाच बदलायला सांगते.

घाटाचं गणित वेगळं आहे, तिथे प्रश्न उष्णतेचा असतो. ८० नं चाललेली बाराशे किलोची गाडी एकदा पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात एक लिटर पाणी उकळीला येईल. सपाट रस्त्यावर पुढच्या ब्रेकपर्यंत डिस्क वाऱ्यानं निवते. आता पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरा. उंचीचा फरक पाचशे मीटरपेक्षा जास्त आहे. पाचशे मीटर उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ८० वरून वीस वेळा थांबण्याइतकी असते. ती सगळी पॅडवर टाकली तर पॅड तापून पकड सोडतात, जळका वास यायला लागतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं १४० ला उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पायदांडी तळाला जाते आणि गाडी तशीच पुढे चालत राहते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला काही फार खर्च नाही.

घाटात गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्यांशी मी भांडते. पेट्रोल वाचतं म्हणतात. आत्ताच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं इंधनच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वाचतं काहीच नाही, आणि गाडीला मागे धरणारं इंजिन आपण सोडून देतो. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवावा, ही जुन्या एसटी ड्रायव्हरांची शिकवण आजही बरोबर आहे. काही जण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबेपर्यंत तो साथ देतो, पुढे पायदांडी दगडासारखी होते.

वजनाबद्दल मला बरेचदा विचारतात. गाडी भरलेली असली की जास्त लांब जाते का? वजन वाढलं की ऊर्जा वाढते, पण टायरही रस्त्यावर जास्त दाबले जातात आणि पकडही वाढते. त्यामुळे चांगल्या ब्रेकच्या मोटारीत फरक वाटतो तेवढा नसतो. घाटात मात्र फरक पडतो, कारण उष्णता वजनाच्या हिशेबात वाढत जाते. ट्रकचं तसं नाही. त्याच्या ब्रेकमध्ये हवा असते, ती नळ्यांतून चाकापर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि ट्रकचे टायर हजारो किलोमीटर टिकण्यासाठी कडक बनवलेले असतात. म्हणून ओव्हरटेक करून लगेच ट्रकच्या पुढ्यात शिरून ब्रेक दाबू नये. तुमची गाडी थांबेल, त्याची थांबायला अजून बरीच जागा लागेल. स्वतः कुणाच्या मागे असाल तेव्हा पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला सुरुवात करावी. आपण त्या खांबाशी तीन सेकंदांच्या आत पोहोचत असू, तर मागे सरावं. पावसात पाच.

आणि आमच्या भागातली रात्र. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात, आणि तिथून उन्हाळा लागेपर्यंत सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरच्या सगळ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वेग वीसच्या आत, मागे ऊस इतका लोंबलेला की दिवा असला तरी झाकलेला. समोरून गाड्या येत असतात, म्हणून आपला दिवा डिपरवर असतो. डिपरचा उजेड साधारण ४०-५० मीटर. रात्री अचानक दिसलेल्या वस्तूला दीड सेकंद धरला, तर ८० च्या वेगाला थांबायला कोरड्या रस्त्यावरही ६८ मीटर हवेत. ट्रॉली उजेडात येते तेव्हाच उशीर झालेला असतो, मग गाडी कितीही महागाची असो. ६० नं चालवलं तर ४५ मीटरमध्ये थांबता येतं, तेही रस्ता ओला नसेल तर. हंगामात डिपरवर ६० च्या पुढे जायचं नाही, हे मी माझ्याकडच्या प्रत्येकाला सांगते. शेवटचा धडा अंधार पडल्यावर महामार्ग सोडून आतल्या रस्त्यावर घेते, ट्रॉल्यांच्या रांगेमागून.

पण हे सगळं मोटार चालवणाऱ्याच्याच गळ्यात घालणं मला पटत नाही. ट्रॉलीच्या मागच्या पट्टीवर लाल परावर्तक लावला तर तो ऊस भरल्यावर झाकला जातो. म्हणून ओळखीच्या ट्रॉलीवाल्यांना मी परावर्तक पट्टी शिवलेलं जाड कापड देते आणि ते सगळ्यात मागच्या मोळीच्या टोकांवरून बांधायला सांगते. काट्यावर वजन झालं की ट्रॉली रिकामी करायच्या आधी ते सोडायचं, पुढच्या खेपेला पुन्हा बांधायचं. कारखान्यांनी हे कापड गेटवरच दिलं आणि काट्यावर येणाऱ्या ट्रॉलीला ते बांधलेलं आहे का हे बघितलं, तर फार मोठं काम होईल. स्वच्छ परावर्तक दीडशे मीटरवरून चमकतो. ८० नं येणाऱ्याला त्यामुळे पावणेसात सेकंद मिळतात. कापड नसेल तर दोन.